दिवाळीआधी खेळण्यांचा हिशेब

भाकरी थापताना ऐकत असाल तर हात चालू ठेवा, आणि शेतातून आत्ताच आला असाल तर आधी पाणी प्या. आज आम्ही बचतीचं नाही, खेळण्यांचं बोलणार आहोत. बोलता बोलता पैशावर येऊच, कारण आपलं कुठलंही बोलणं शेवटी हप्त्यापाशीच येतं.

श्रावण चालू आहे, दिवाळीला अजून अवकाश आहे. मग आत्ताच हा विषय का? तर गेल्या तीन-चार बैठकांत हिशेब झाला, सह्या झाल्या, की बायका याच गोष्टीवर येतात. कुणाचा मुलगा मामाच्या मोबाइलवर बघून सांगतो, अमुक पिक्चर येणार आहे, त्याचा ठोकळ्यांचा संच येणार आहे, मला तोच पाहिजे. कुणाची मुलगी म्हणते, वर्गातल्या सगळ्यांकडे ती दात विचकणारी बाहुली दप्तराला लटकलीय, माझ्याकडेच नाही. आणि आपल्यातल्या एका गटाने तर अर्जच दिलाय, की दिवाळीच्या बाजारात आणि पुढे जत्रेत खेळण्यांची पालं लावायची आहेत, त्यासाठी २०,००० रुपये अंतर्गत कर्ज द्या. म्हणजे एका बाजूला आपण घेणाऱ्या आणि दुसऱ्या बाजूला विकणाऱ्या. दोन्हीकडून विचार करायला हवा.

आधी ठोकळ्यांचं सांगतो. एकात एक बसणारे प्लास्टिकचे रंगीत ठोकळे तुम्ही पाहिले असतील. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव लेगो. ही कंपनी डेन्मार्क देशातल्या बिलुंड नावाच्या लहानशा गावात एका सुताराने सुरू केली. ओल कर्क क्रिस्टियानसेन त्याचं नाव. १९३२ साल, जगभर मंदी, घरं बांधायला कुणाकडे पैसा नाही, सुताराला काम नाही. तेव्हा तो लाकडाची खेळणी करायला लागला. पुढे प्लास्टिक आलं, आणि १९५८ साली आज दिसतो तो ठोकळा तयार झाला. वर गोल बोंडं आणि आतून पोकळ नळ्या. त्या नळ्यांमुळे ठोकळा घट्ट बसतो आणि लहान मुलाच्या हातानेही निघतो. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो, हे आम्हाला फार आवडलं. आपल्याकडे मागच्या वर्षीच्या कुकरची शिटी या वर्षीच्या कुकरला बसत नाही.

आठ बोंडांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले, तर ते ९१ कोटींहून जास्त प्रकारे जोडता येतात. गणितातल्या माणसांनी मोजून काढलेला हा आकडा आहे. म्हणजे मूल एका मूठभर ठोकळ्यांवर पूर्ण लहानपण काढू शकतं. मग नवीन संच कशाला लागतात? तर १९७८ मध्ये त्या ठोकळ्यांसोबत छोटी माणसं आली, जेमतेम चार सेंटिमीटर उंचीची, हलणाऱ्या हातापायांची. आणि १९९९ पासून सिनेमांच्या नावाचे संच यायला लागले. तिथून खेळाचा रंग बदलला. सिनेमाचं नाव वापरायचं तर सिनेमावाल्याला पैसे द्यावे लागतात, आणि ते पैसे आपण डब्याच्या किमतीत भरतो. संच येण्याच्या कित्येक महिने आधी 'लवकरच येत आहे' म्हणून चित्रं फिरतात. मूल दिवस मोजत बसतं. काही काळाने तो संच बनवणं बंद होतं, मग 'आता मिळणार नाही' ही घाई. 'येणार, येणार' आणि 'संपणार, संपणार', या दोन शब्दांवर सगळा धंदा चालतो. साडीच्या सेलमध्ये आपण याच दोन शब्दांना भुलतो, तेव्हा पोरांना नावं ठेवायच्या आधी जरा आपल्या कपाटात डोकावून बघावं.

आमचं मत विचाराल तर ठोकळे वाईट नाहीत, उलट चांगलेच आहेत. हाताला वळण लागतं, आणि मोडलं तरी परत जोडायची सवय लागते. पण घ्यायचेच असतील तर एका सिनेमाचा एकच महाल होणारा डबा घेऊ नका. साधे, मिसळीचे ठोकळे घ्या. वापरलेले मिळाले तरी चालतात. कोमट पाण्यात साबण टाकून हाताने धुवायचे, उकळतं पाणी घालायचं नाही, वाकडे होतात. आणि लेगोचेच पाहिजेत असंही नाही. त्या ठोकळ्याच्या मूळ पेटंटची मुदत कधीच संपली, त्यामुळे दुसऱ्या कंपन्याही तसे ठोकळे कायदेशीरपणे बनवतात. त्यावर कुठली खूण बघायची ते पुढे सांगतो.

आता बाहुलीकडे येऊ. दप्तराला लटकणारी, मोठ्या कानांची, दातांची रांग दाखवणारी ती बाहुली म्हणजे लबूबू. कासिंग लुंग नावाच्या चित्रकाराने ती २०१५ मध्ये गोष्टींच्या पुस्तकासाठी काढली. २०१९ पासून चीनची पॉप मार्ट कंपनी तिची खेळणी विकते. विकायची रीत अशी, की डबी बंद असते, आत कुठली बाहुली आहे ते कळत नाही. पैसे दिल्यावर, फोडल्यावर कळतं. एका मालिकेत सहा-सात किंवा बारा प्रकार असतात, आणि एक 'गुप्त' प्रकार, जो ७२ डब्यांत एखादा निघतो असं कंपनीच सांगते.

मैत्रिणींनो, हा प्रकार आपल्याला नवा आहे का? शाळेसमोरच्या दुकानातलं सोरट आठवा. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, एक फाडायची, नंबर निघाला तर फुगा, नाहीतर चिंचेची गोळी. आणि वर मोठा बॅटबॉल टांगलेला, जो कधीच कुणाला लागायचा नाही. आमच्या वयाच्या बायकांना वेफर्सच्या पुडीतले टॅझोही आठवत असतील. वेफर्स भावाने खायचे आणि टॅझोसाठी भांडण आपण करायचं. तेच सोरट आता चकचकीत डबीत बसून आलंय, आणि चार आण्याऐवजी शंभर, दोनशे, खऱ्या मालाला हजारांच्या घरात पैसे मागतंय.

त्यात पैसे कसे जातात ते आम्ही गेल्या आठवड्यात एका बैठकीत करून पाहिलं. तुम्हीही करा, घरात ल्युडोचा फासा असेलच. समजा सहा बाहुल्यांची मालिका आहे आणि प्रत्येक सारख्याच प्रमाणात निघते. फाशाचा एक आकडा म्हणजे एक बाहुली. फासा टाकत राहायचा, आणि एक ते सहा सगळे आकडे किमान एकदा पडेपर्यंत किती वेळा टाकावा लागला ते लिहायचं. बायका म्हणाल्या सात-आठ वेळा पुरे. आमच्या बैठकीत एका ताईचं नऊ वेळांत झालं, दुसरीला चार काही केल्या पडेना, तिला २३ वेळा टाकावा लागला. ती शेवटी फाशावर चिडली. गणिताने याची सरासरी १४.७ येते. म्हणजे १०० रुपयांची डबी धरली तर सहा बाहुल्यांना ६०० नाही, सरासरी १५०० रुपये लागतात, आणि घरात आठ-नऊ दुहेरी बाहुल्या पडून राहतात. शेवटची एकच राहिली, की सगळ्यात जास्त पैसे तिच्यावरच जातात. आणि तो ७२ मधला गुप्त प्रकार? कुणी वेड्यासारख्या ७२ डब्या घेतल्या, तरी अशा १०० जणांपैकी ३६-३७ जणांच्या हाती तो लागतच नाही.

हे पोरांना समोर बसवून करा. 'नाही म्हणजे नाही' असं ओरडून सांगण्यापेक्षा फासा जास्त पटवतो. त्या फासा-चिडलेल्या ताईंच्या मुलाने स्वतःच वहीत आकडे लिहिले आणि म्हणाला, आई, मग मी उघडी मिळते तीच विकत घेतो. हे शहाणपण त्याचं त्याला सुचलं. चीनमध्ये, जिथे ही डबी जोरात चालते, तिथल्या सरकारने २०२३ मध्ये मार्गदर्शक नियम काढून आठ वर्षांखालच्या मुलांना अशी बंद डबी विकायची नाही असं सांगितलं. तिथे त्यांना वाटलं, तर आपल्याला वाटायला काय हरकत आहे?

एका ताईंनी चांगला मुद्दा काढला. म्हणाल्या, पोरीला बाहुली नको असते हो, तिला वर्गात एकटं पडायचं नसतं. खरं आहे. म्हणून मुलीने मागितलं म्हणजे ती हट्टी, असा शिक्का मारू नये. काही घरांनी यावर तोडगा काढलाय. एकीने गल्ला दिलाय, मूल स्वतःचे पैसे साठवतं, आणि तीन महिन्यांनीही तेच पाहिजे असेल तर घेऊन देते. बऱ्याचदा तोवर दुसरंच काहीतरी पाहिजे असतं. दुसरीकडे चार मैत्रिणींनी मिळून दुहेरी बाहुल्यांची अदलाबदल ठेवलीय. आपल्या गटातल्या देवाणघेवाणीसारखीच.

आता सुरक्षेचं. इथे जरा लक्ष द्या, हात थांबवला तरी चालेल.

आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. देशात बनलेलं असो की परदेशातून आलेलं. खुणेच्या वर आयएस ९८७३ असा क्रमांक असतो, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्याला आयएस १५६४४, आणि खाली सीएम/एल या अक्षरांपुढे परवाना क्रमांक. नुसती खूण कुणीही छापेल. म्हणून मोबाइलवर बीआयएस केअर नावाचं ॲप घ्या, त्यात तो परवाना क्रमांक टाका, कंपनीचं नाव आणि पत्ता समोर येतो. डब्यावरच्या नावाशी जुळला तर ठीक. बाजारात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतं. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

दुसरं, वय बघा. गोलात ० ते ३ आकडे आणि त्यावर आडवी लाल रेघ असेल, तर ते तीन वर्षांखालच्या मुलासाठी नाही. ही रेघ बुद्धी कमी-जास्त असण्याबद्दल नसते. 'आमचा दोन वर्षांचाच पण फार हुशार आहे' म्हणून चालत नाही. त्यात घशात अडकतील असे बारीक भाग आहेत एवढाच तिचा अर्थ. तपासणीत ३१.७ मिलिमीटर रुंदीची नळी वापरतात, म्हणजे साधारण सव्वा इंच. त्यात जे मावतं ते बाळाला धोक्याचं. शिवणकाम करणाऱ्या तायांकडे टेप असतेच, मोजून बघा. आणि मोठ्याचे ठोकळे धाकट्याच्या हाती लागतात, हेच घरोघरी होतं. मोठ्याला चादर अंथरून खेळायला बसवा, खेळ झाला की चादरीसकट गोळा करून फळीवर.

नकली बाहुल्यांचं वेगळंच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने नकली लबूबूंबद्दल इशारा दिला होता, की त्या लहान आहेत, त्यांचे भाग सुटतात, आणि लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. तशाच नकला आठवडी बाजारात दोरीला लटकलेल्या दिसतात.

तिसरं, लोहचुंबक आणि बटणासारखे चपटे सेल. दोन चुंबक पोटात गेले, की आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात आणि मधलं आतडं चिमटीत सापडतं. चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत भाजल्यासारखी जखम करतो. गिळल्याचा नुसता संशय आला, तरी उलटी करवू नका, केळं भरवू नका, सकाळची वाट बघू नका. थेट दवाखान्यात, आणि काय गिळलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तसंच दुसरं खेळणं किंवा सेलचं पाकीट असेल तर बरोबर न्या.

आता गटाच्या अर्जाकडे. खेळण्यांचा कायदा बनवणाऱ्यालाच नाही, विकणाऱ्यालाही लागू आहे. आपल्या ताया घाऊक बाजारातून किलोवर प्लास्टिकची खेळणी आणणार होत्या. त्यावर ना खूण, ना बनवणाऱ्याचं नाव. माल जप्त झाला तर कर्ज मात्र गटाच्या वहीत तसंच राहतं. शिवाय घेणारी बाई आपल्याच वाडीतली, आणि बाळही आपल्याच वाडीतलं. म्हणून आम्ही बैठकीत म्हटलं, की बिनखुणेच्या मालाला कर्ज नको. आणि बंद डबीही आपल्या पालावर नको, खूण असली तरी. यावर वाद झाला. एक ताई म्हणाल्या, आपण नाही विकलं तर शेजारच्या पालावर विकतीलच, मग आमचाच धंदा का बुडवायचा? त्यांचा प्रश्न आम्हाला खोटा वाटत नाही. त्यांच्या घरात दिवाळी त्याच पालावर यायची आहे. यावर ठराव अजून झालेला नाही.

पण दुसरा माल सुचवावासा वाटतो. ठोकळे आणि बाहुल्या आपल्याकडे पहिल्यापासून आहेत की! दिवाळीचा किल्ला म्हणजे काय? दगड, माती, गोणपाट, वर पेरलेले हळीव नाहीतर मोहरी, आणि त्यावर उभे मावळे. तटावर तोफवाला, बुरुजावर भालेवाला, सिंहासनावर महाराज, पायथ्याशी गवळण आणि भाजीवाली. दरवर्षी चार चित्रं वाढवायची, तुटलेला मावळा तळ्याच्या कडेला आडवा ठेवून 'जखमी' म्हणायचा. हे जमवणंच होतं, पण काय निघेल या धाकाविना. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, पन्हाळा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, आणि तमिळनाडूतली जिंजी. मुलं आता कुठल्या किल्ल्याची प्रतिकृती करायची ते ठरवून मागतात. शहरात तर अंगणच नाही, तिथे तयार किल्लेसुद्धा विकले जातात.

आपल्या गटांत कुंभारवाड्यातल्या सहा-सात जणी आहेत. त्यांच्या हाताची चित्रं प्लास्टरच्या साच्यातल्या चित्रांपेक्षा कितीतरी जिवंत असतात, आणि पाण्यात विरघळून परत माती होतात. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्या सक्तीच्या खुणेतून सूट आहे. तेव्हा ज्यांच्याकडे कारागिराचं ओळखपत्र नाही त्यांनी आत्ताच अर्ज करावा, कागदपत्रं आम्ही जमवून देऊ. सूट आहे म्हणून कसलेही रंग चालतील असं नाही. डब्यावर 'शिसेविरहित' लिहिलेलेच रंग घ्यायचे, पोरं चित्रं तोंडात घालतात. पावसाच्या हवेत माती सुकायला वेळ लागतो, उन्हात घाई केली तर तडकते, म्हणून सावलीत सुकवायची तर काम श्रावणातच हाती घ्यावं लागतं. आज हा विषय काढण्याचं खरं कारण हे.

आणि ज्यांना विकायचं नाही, नुसतं घरच्या पोरांना गुंतवायचं आहे, त्यांच्यासाठी एक फुकटातला संच. अरविंद गुप्ता हे नाव शिक्षिका मैत्रिणींना माहीत असेल. पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७८ च्या सुमारास मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना त्यांनी आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांचा खेळ काढला. सायकलच्या दुकानातून वीतभर व्हॉल्व्ह ट्यूब आणा. दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. आगकाडीचं गूळ ब्लेडने खरवडून टाका, हे काम मोठ्यांनीच करायचं. तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी सरकवा. झाला सांधा, हवा तसा वाकतो.

तीन काड्या आणि तीन तुकडे जोडले की त्रिकोण. चार जोडले की चौकोन. आता दोन्ही दाबून बघा. चौकोन लगेच कलतो, पतंगासारखा होतो. त्रिकोण जागचा हलत नाही. पोरांना विचारा, आपल्या पत्र्याखालच्या लोखंडी कैचीत सगळीकडे त्रिकोणच का असतात? एका आजींनी आमच्या आधीच उत्तर दिलं, म्हणाल्या, वाऱ्याने घर कलू नये म्हणून, त्यात काय. तिसरी काडी घालायची असेल तर तुकड्याला मधोमध बाभळीच्या काट्याने भोक पाडा, आणि तिला टोक काढून आत बसवा. असे तीन फाट्यांचे सांधे केले की झोपडी उभी राहते, मग मनोरा, मग पूल. धाकटं भावंडं जवळ असेल तर तुकडे मात्र मोजून घ्यायचे आणि मोजून ठेवायचे, सव्वा इंचाचा नियम इथेही आहेच.

पुढच्या बुधवारी ग्रामसंघाची बैठक दुपारी दोन वाजता समाजमंदिरात आहे. कर्जाच्या अर्जावर तेव्हा ठराव घ्यायचा आहे. अर्ज करणाऱ्या तायांनी कुठला माल, कुठून, किती दराने, हे कागदावर आणावं, आणि नमुन्याचं एकेक खेळणं आणावं, परवाना क्रमांक सगळ्यांसमोर ॲपमध्ये टाकून बघू. कुंभारवाड्यातल्या तायांनी दोन-दोन चित्रं करून आणावीत, रंगवलेली नसली तरी चालतील. आणि कुणाकडे फासा असेल तर तोही आणा, मागच्या वेळचा आमचा कुणाच्या तरी पोराने पळवलाय.